शाई ओली होती

ज्या अंगठ्याचा छाप आजकालची पोरं छातीवर मिरवत हिंडतात, तो अंगठा माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. वळसे घालून बोलणं मला जमत नाही, आणि राग आला की मुळीच नाही. हा राग बेचाळीस वर्षांचा आहे. लोणच्यासारखा मुरलाय.

तुम्हीही तो छाप पाहिला असेल. एका रॉक बँडचा आहे. पांढऱ्यावर काळा, सरळ उभा, आणि मधून तिरपी गेलेली एक रेघ. टी-शर्टवर असतो, पाण्याच्या बाटलीवर असतो, मोटारसायकलच्या टाकीवर असतो. परवा बसस्टॉपवर माझ्यापुढे एक जण उभा होता, त्याने मानेवर गोंदवून घेतला होता. अर्धा तास मी माझ्या जाऊबाईंकडे बघत बसची वाट पाहिली. त्या तिरप्या रेघेचे लोक काय काय अर्थ लावतात! कुणी म्हणतो ती समाजाला गेलेली भेग, कुणी म्हणतो मोडलेलं प्रेम. अरे बाबांनो, ते डब्याचं झाकण आहे. जाऊबाई नऊ वर्षांच्या असताना पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडायला गेल्या आणि ते अंगठ्यात घुसलं. एवढंच.

त्या बँडचा गायक मात्र मुलाखतीत वेगळंच सांगतो. म्हणे पहिल्या मोठ्या रेकॉर्डच्या प्रत्येक पाकिटावर त्याने स्वतः बसून स्वतःचा अंगठा उमटवला. साडेतीनशे पाकिटं, म्हणे, आणि शेवटी हात दुखायला लागला. त्याचा हात दुखला! हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचे नवरे सख्खे भाऊ. आम्ही दोघी जावा एका घरात नांदलो आणि एकाच छापखान्याच्या मागच्या खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून रेकॉर्डची पाकिटं चिकटवली. पाकीट कसं होतं ते सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आहे. छापलेला पुठ्ठा कापून यायचा. मधोमध दुमडला की एक बाजू पुढची, एक मागची. पुढच्या बाजूला वर आणि खाली बोटभर रुंदीची पट्टी जास्तीची सोडलेली असते. तिला आम्ही कान म्हणायचो. कानाला खळ लावायची, तो आत दुमडायचा, वरून मागची बाजू दाबायची. झालं पाकीट. कान एकदा आत गेला की पाकीट फाडल्याशिवाय कुणाला दिसत नाही. छापखानेवाले त्याच्यावर रंगाच्या खुणा, आकडे, असलं काहीबाही छापून ठेवायचे. बघतंय कोण?

मी खळ लावायची. घडी घालणं आणि दाबणं जाऊबाईंचं काम. खोलीत आम्ही अकरा बायका होतो, पण जाऊबाईंसारखी घडी एकीचीही नाही. सगळे त्यांना इस्त्री म्हणायचे. त्यांच्याकडे हाडाची एक पट्टी होती, स्वतःची, घरून आणलेली. घडीवरून ती एकदा फिरली की कड अशी बसायची की बोट कापेल. खळीचा एक थेंब बाहेर दिसला तर माझ्याकडे अशा बघायच्या, की सासूसुद्धा परवडली. वाण्याने बांधून दिलेली पुडीही घरी आणून सोडायच्या आणि परत नीट बांधायच्या.

"अहो, आत तेच आहे ना?" मी म्हणायची.

"आत काय आहे ते नंतर कळतं गं. आधी पुडी दिसते."

रेकॉर्डचंही त्या तेच म्हणायच्या. माणूस गाणं नंतर ऐकतो, आधी पाकीट बघतो, आणि पाकीट बघूनच ठरवतो की आतला माणूस कसा असणार. मला तेव्हा हे उगाच वाटायचं. पुढे डोळ्यांनी पाहिलं.

तर हा बँड. चार मुलं. गाणारा दातांच्या डॉक्टरचा मुलगा, ढोल बडवणाऱ्याच्या बापाची कापडाची गिरणी. आधी त्यांनी एक छोटी रेकॉर्ड काढली होती, त्याचं पाकीटही आम्हीच चिकटवलं होतं. वर चौघांचा फोटो, भांग पाडलेले, टाय लावलेले. गाणी म्हणे सगळी रागाची, जग जाळून टाकू म्हणणारी, आणि चेहरे असे की आईने आत्ताच दूध पाजून पाठवलंय. कोण घेणार? गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. उंदरांनी खाल्ले.

म्हणून पुढच्या मोठ्या रेकॉर्डला त्यांनी फोटोच काढून टाकला. पुढची बाजू नुसती काळी. अक्षर नाही, चित्र नाही, कोळशासारखी काळी. मागची बाजू पांढरी, आणि तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत गाण्यांची नावं. आम्हाला भयंकर दिसायचंय, असं तो गाणारा आमच्या मालकांना सांगत होता. कोवळ्या आवाजात.

एवढी काळी शाई वाळायला अख्खी रात्र लागते. छपाई करणाऱ्याने आधीच बजावलं होतं. पण पोरांनी कागद उशिरा पाठवला, आणि ज्या दिवशी दुपारी पुठ्ठे आमच्या टेबलावर आले, त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता. तिथे रेकॉर्ड विकायला ठेवायची होती.

जाऊबाईंनी पहिल्या पुठ्ठ्याला बोट लावलं आणि बोट मुकादमापुढे धरलं.

"शाई ओली आहे."

"वाळेल घडी घालता घालता."

"घडी घालता घालता वाळत नाही, लागते. उद्या सकाळी देते सगळी."

"चारला गाडी येणार आहे."

"मग गाडीला उद्या बोलवा. ती कुठे ओली आहे?"

बायका हसल्या. मुकादमाला हसलेलं सोसायचं नाही. "तुम्ही मालक का मी मालक?" म्हणाला. खरं तर दोघांपैकी कुणीच नव्हतं. पण जाऊबाईंनी वाद वाढवला नाही. रॉकेलमध्ये बुडवलेला एक बोळा शेजारी ठेवला, आणि प्रत्येक पाकिटानंतर अंगठा पुसायचा, मग दुसरं घ्यायचं, असं सुरू केलं. पाकिटं स्वच्छ निघत होती. फक्त हळू.

मुकादम घड्याळ बघत दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला आणि त्याने तो बोळाच उचलला.

"मेंदी काढायला बसलात का? हात कसले पुसताय! उरका."

"डाग पडतील."

"पडू देत. काळ्यावर कुठे दिसतात?"

"मागची बाजू पांढरी आहे."

"मागची बाजू कोण बघतो?"

तो बोळा घेऊन गेला. जाऊबाईंनी हाडाची पट्टी हातात घेतली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मग मला म्हणाल्या, "डागच पाडायचेत ना? ठीक आहे. पण मी म्हणेन तिथेच पडतील."

आणि त्यांनी काय केलं? पुठ्ठा दोन्ही तळव्यांच्या कडांनी धरला. घडी हाडाच्या पट्टीने मोडली. कुठेही बोट लागू दिलं नाही, फक्त एक अंगठा; कान दुमडताना काळ्या कडेची शाई त्यालाच लागायची आणि दाबायलाही तोच. तो अंगठा मागच्या पांढऱ्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, कडेपासून दोन बोटं आत, सरळ उभा. पहिल्या पाकिटावर तिथे, दहाव्यावर तिथे, दोनशेव्यावर तिथे. दुसऱ्या टेबलांवर सगळा चिखल झाला होता, ती पाकिटं फेकूनच द्यावी लागली. आमच्या टेबलावरची साडेतीनशे उरली, आणि बोळा जाण्याआधीची मूठभर सोडली तर प्रत्येकावर एकच डाग, जणू मोजपट्टी लावून काढलेला. घाण करायची वेळ आली तरी त्या बाईने ती नीटनेटकी केली. जित्याची खोड.

चारला गाडी आली. मालक आले, पोरं आली, त्यांची कामं बघणारा एक चष्मेवाला आला. त्याने पाकीट उलटं केलं आणि ओरडलाच.

"हे काय आहे? कुणी केलं?"

मुकादमाने जाऊबाईंकडे हात केला. "ही बाई. शंभरदा सांगितलं हात पुसत जा म्हणून. ऐकतच नाही."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. रॉकेलचा बोळा त्याच्या मागे खिडकीत पडला होता, मला दिसत होता. जाऊबाई म्हणाल्या, "शाई ओली होती. मी सांगितलं होतं." एकदाच म्हणाल्या, मोठ्याने नाही. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. घरात दोन दादल्यांपैकी एक अंथरुणाला खिळलेला, माझं काम गेलं तर दोघींचं गेलं, हे सगळं खरं आहे. आणि मी गप्प बसले हेही खरं आहे. जणू तोंडाला कुणी खळ लावली होती. त्या मुकादमावर माझा जेवढा राग आहे ना, त्यातला अर्धा मी स्वतःसाठी काढून ठेवलाय.

गिऱ्हाइकासमोर आपण कडक आहोत हे दाखवायचं असतं मालकांना. म्हणाले, "उद्यापासून ही बाई कामावर नको."

आणि तो गाणारा काय करत होता? तो पाकीट हातात घेऊन बघत होता. मग त्याने जाऊबाईंच्या काळ्या झालेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग परत पाकिटाकडे. माझ्या देखत. त्याने पाहिलं नाही असं मला कुणी सांगू नये. "असू दे," म्हणाला, "वेळ नाही, भरा गाडीत."

जाऊबाईंनी हात धुतले, हाडाची पट्टी पदराला पुसली आणि घरी गेल्या.

संध्याकाळी कार्यक्रमात लोकांनी पाकिटं हातात घेतली आणि मागून पुढून बघितली. पुढे काळा अंधार, मागे एक अंगठा. सगळ्यांवर एकाच जागी, म्हणजे मुद्दामच असणार! कुणीतरी विचारलं, हा कुणाचा? आणि दातांच्या डॉक्टरच्या मुलाने स्टेजवरून स्वतःचा अंगठा वर केला.

झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की ज्यांना सही करता येत नाही त्यांचा हा बँड. कष्टकऱ्यांचा आवाज. तेच चौघे, तीच गाणी, तोच आवाज. सहा महिन्यांपूर्वी उंदरांनी खाल्लेला. टायचा फोटो होता तेव्हा ते लाडावलेली पोरं होती, अंगठा लागला आणि मजूर झाले. पुडी बदलली हो, आत तेच होतं.

पुढच्या प्रत्येक रेकॉर्डवर तो अंगठा आला, आता साचा करून छापलेला. पाकिटं आमच्याच खोलीत यायची. म्हणजे ज्या अंगठ्यासाठी जाऊबाईंना काढलं, तोच अंगठा हजारांनी छापून माझ्यासमोर पडायचा आणि मी खळ लावायची. नवीन मुकादम तर नवीन बायकांना सांगायचा, "बघा, छाप जागच्या जागी आला पाहिजे, हलता कामा नये." मी एकदा म्हटलं, "ज्या बाईला हे जमत होतं तिला तुम्ही हाकललंत." तो म्हणाला, "कोण बाई?"

जाऊबाईंना मात्र कुठल्याही पाकिटाच्या कारखान्यात काम मिळालं नाही. जुन्या मुकादमाने सगळीकडे सांगून ठेवलं होतं, ती डाग पाडणारी बाई, हात न पुसणारी. ज्या बाईने वाण्याची पुडी परत बांधली तिला! शेवटी लाँड्रीत लागल्या, एकतीस वर्षं. दुसऱ्यांच्या शर्टाच्या कॉलरी ताठ केल्या. काम गेलं त्याचं त्यांना फार वाटलं नाही. हात घाणेरडा म्हणाले, ते लागलं. घरात हा विषय कुणी काढायचा नाही असा नियमच झाला. त्यांच्या मुलांनाही धड माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांच्या नातीने नवीन टी-शर्ट आणला आणि इस्त्रीला टाकला. जाऊबाई आता ऐंशीच्या आहेत, पण इस्त्री कुणाला करू देत नाहीत. मी शेजारी शेंगा सोलत होते. त्यांनी टी-शर्ट पसरला, थांबल्या, इस्त्री उभी केली आणि छातीवरच्या त्या छापावर आपला अंगठा ठेवला. छाप ताटलीएवढा होता, पण रेघ तीच.

"हे किती मोठं केलंय गं," त्या म्हणाल्या.

नात म्हणाली, "आजी, हात नको लावू, महागाचा आहे."

मग माझा बांध फुटला. बेचाळीस वर्षं जे बोलले नाही ते मी त्या पोरीला उभ्या उभ्या सांगितलं. तिने आधी हसण्यावारी नेलं. मग मोबाइलने अंगठ्याचा फोटो काढला, छापाशेजारी ठेवला, मोठा करून पाहिला. मग खालीच बसली. त्याच दिवशी तिने रेकॉर्ड कंपनीला पत्र धाडलं, दोन्ही फोटो जोडून.

कंपनीकडून एक डिझाइनवाली बाई आली. पस्तिशीची, केस कापलेले, बोलायला गोड. अंगठ्याच्या त्या रेकॉर्डचा मोठा बॉक्स काढणार होते, जुनं पाकीट जसंच्या तसं, सोबत जाड पुस्तक. फोटो बघून ती म्हणाली, "आजी, तुम्ही कंपनीत चला. स्वतः गायक येणार आहेत."

आम्ही तिघी गेलो. काचेचं टेबल, मऊ खुर्च्या, माझे पाय जमिनीला टेकेनात. गायक आला. साठी उलटलेली, केस रंगवलेले, अंगठ्यात चांदीची जाड अंगठी.

"या मावशी, या! तुम्ही म्हणजे आमच्या इतिहासाचा भाग आहात."

जाऊबाई म्हणाल्या, "अंगठा दाखव."

तो हसला. "काय म्हणालात?"

"उजव्या हाताचा अंगठा. अंगठी काढ नि दाखव."

सगळे बघायला लागले तसा त्याला हात पुढे करावा लागला. जाऊबाईंनी चष्मा लावला आणि त्याचा हात भाजी निवडावी तसा उलटसुलट पाहिला.

"रेघ कुठे आहे?"

"भरून आली असेल मावशी. इतकी वर्षं झाली."

"माझी कशी नाही आली भरून? माझ्या रेघेला एकाहत्तर वर्षं झाली."

त्याने हात मागे घेतला. कंपनीचा साहेब मात्र खुशीत आला. त्याला एक नवीन पुडी दिसली होती. म्हणाला, "हे तर आणखी छान आहे! पुस्तकात घालू. एका मजूर बाईची सुंदर चूक! आजींचा अंगठ्यासकट फोटो घेऊ."

"चूक?" जाऊबाईंचा आवाज चढलेला मी आयुष्यात हा एकदाच ऐकला. "कुणाची चूक? मी सांगितलं होतं शाई ओली आहे म्हणून. हात पुसायचा बोळा उचलून नेला तुमच्या माणसांनी. तुमच्या घाईचं खापर माझ्या माथ्यावर फोडलंत आणि वर सुंदर म्हणता?"

"बरं मग, काय लिहू आजी?" डिझाइनवालीने हळूच विचारलं.

"माझं नाव नको. फोटो नको. दोन वाक्यं छापा. शाई ओली होती. बाईने सांगितलं होतं. बस."

गायक खिडकीबाहेर बघत होता. ती दोन वाक्यं छापली तर त्याने उमटवलेले साडेतीनशे अंगठे कुठे जाणार? साहेबाने त्याच्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला. डिझाइनवाली मात्र म्हणाली, "बॉक्समध्ये ही दोन वाक्यं छापली जातील. माझा शब्द."

दोन महिन्यांनी घरी खोकं आलं. भेट म्हणून बारा बॉक्स. नातीने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. गायकाची गोष्ट होती तशीच होती. साडेतीनशे अंगठे, दुखलेला हात, सगळं. दोन वाक्यं कुठेच नाहीत. मी म्हटलं, पुसली तोंडाला पानं!

नातीने डिझाइनवालीला फोन लावला, मोठ्या आवाजावर.

"छापलंय, आजी. शब्द पाळलाय मी."

"कुठे?" जाऊबाईंनी विचारलं.

पलीकडे तिचा आवाज उतरला. मग म्हणाली, "पाकिटाच्या आतल्या पट्टीवर. पुस्तकात त्यांनी घेऊ दिलं नाही हो. मला तेवढीच जागा मिळाली."

"आतली पट्टी म्हणजे कान?"

"हो... चिकटवायची असते ती."

"म्हणजे जिथे खळ लागते तिथे."

जाऊबाईंनी फोन ठेवायला लावला. त्या पोरीचा मला राग आला, आणि खरं सांगायचं तर दयाही आली. तिला वाटलं ती शब्द पाळतेय. मी तरी त्या दिवशी काय केलं होतं? पण ज्या बाईने आयुष्यभर कान चिकटवले, तिचं सत्य कानाच्या आत चिकटवून पाठवायचं? आणि तिला सांगायचं, छापलंय?

जाऊबाई उठल्या आणि केटली गॅसवर ठेवली. मला वाटलं चहा करतायत. त्यांनी पाकीट हातात घेतलं, कडेवरून नख फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "मशीनची घडी. शी." मग केटलीच्या वाफेवर खालची कड धरली, हळूहळू सरकवत. जेवायच्या बोथट सुरीचं टोक आत घातलं. गडबड नाही. कान सुटत आला. पांढऱ्या पट्टीवर बारीक काळ्या अक्षरांत होतं ते: शाई ओली होती. बाईने सांगितलं होतं.

जाऊबाईंना वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून दोन्ही वाक्यं वाचली. मग म्हणाल्या, "खळ कर."

"अहो, आता?"

"कर म्हटलं ना. आणि पातळ करू नकोस, तुझी सवय आहे."

बेचाळीस वर्षांनी आम्ही दोघी परत समोरासमोर बसलो. कान आत न घालता बाहेरून, मागच्या बाजूवर चिकटवायचा, म्हणजे अक्षरं वर राहतात. खळ या वेळी कानाच्या दुसऱ्या अंगाला. हाडाची पट्टी अजून होती त्यांच्याकडे, सुयांच्या डब्यात. कान बसला तो बरोबर छापाच्या खाली. वर अंगठा, खाली त्याचा खुलासा. बाराच्या बारा पाकिटं केली. मी एकावर ओघळ आणला तेव्हा तीच जुनी नजर मिळाली. मला रडूच आलं, पण दाखवलं नाही.

पुढच्या रविवारी मोठ्या रस्त्यावरच्या रेकॉर्डच्या दुकानात तो गायक बॉक्सवर सह्या करायला बसणार होता. जाऊबाई म्हणाल्या, "चल."

रांग पार कोपऱ्यापर्यंत होती. पांढऱ्या केसांच्या आम्ही दोघीच. पुढचा म्हणाला, "आजी, नातवासाठी का?" जाऊबाई म्हणाल्या, "नाही, माझंच आहे." दीड तास उभ्या राहिल्या, स्टूल दिलं तरी बसल्या नाहीत.

नंबर आला. गायकाने खाली बघतच हात पुढे केला. "नाव काय लिहू?"

"नाव नको. मागची बाजू वाच."

त्याने मान वर केली आणि ओळखलं. पाकीट उलटं केलं. चेहऱ्याचा रंग गेला, एवढंच सांगते.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "आता काय उपयोग आहे याचा? लोकांना आवडतं तसं असू द्या ना."

"मोठ्याने वाच."

त्याने पेन खाली ठेवलं. वाचलं नाही. दुकानाचा माणूस लगबगीने पुढे आला, "आजी, पुढे चला, रांग थांबलीय." मी आयुष्यात एकदा गप्प बसले होते. मी ते पाकीट टेबलावरून उचललं, रांगेकडे वळले आणि माझ्या चिरक्या आवाजात वाचलं, "शाई ओली होती. बाईने सांगितलं होतं!"

मागच्या दाढीवाल्या तरुणाने मान पुढे काढली. "हे कुठे लिहिलंय? माझ्यावर नाही."

"तुझ्यावरही आहे," जाऊबाई म्हणाल्या. "आत दडवलंय."

"कोण बाई?"

"मी."

तो त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिला, मग आपल्या टी-शर्टकडे, मग परत अंगठ्याकडे. आणखी चार जण पुढे सरकले. गायक मागच्या दाराने कधी उठून गेला ते मला कळलंही नाही. रांग त्याच्यासाठी होती ती आमच्याभोवती गोल झाली. सगळ्यांचं एकच, कसं उघडायचं? कसं उघडायचं?

जाऊबाईंनी दाढीवाल्याचं पाकीट हातात घेतलं आणि शिकवायला लागल्या, जशा नव्या बायकांना शिकवायच्या. "केटलीची वाफ द्यायची. धार असलेला चाकू घ्यायचा नाही, फाटेल. कान सुटला की बाहेरून चिकटवायचा."

"आणि मग आजी?"

"मग वजन ठेवायचं आणि हात लावायचा नाही." त्यांनी त्याच्या हातातून पाकीट ओढलं, तो तिथेच नखाने कान उचकटायला बघत होता. "अरे, घाई कसली करतोस? वाळू द्यावं लागतं आधी."